लोणार : तळ्याभोवतीची फेरी ६७ वर्षांच्या आईला झेपेल का?

अर्धी_भाकरी

मंडळी, डिसेंबरात लोणार ठरतंय. पुणे, नगर, संभाजीनगर आणि तिथून समृद्धी, असा बेत आहे. आम्ही चौघं : मी, नवरा, नऊ वर्षांचा चिरंजीव आणि माझी आई. प्रश्न आईचा आहे.

आई ६७ची. उजव्या गुडघ्याची झीज झालीय. डॉक्टर म्हणतात ऑपरेशन ‘एवढ्यात नको’, म्हणजे कधीतरी आहेच. सपाटीवर बाई अजून माझ्या पुढे असते. रोज सकाळी सोसायटीच्या बागेत बारा फेऱ्या मारते आणि बाकावर बसून राहणाऱ्यांना नावं ठेवते. चढ हळूहळू जमतो. उतार मात्र नको म्हणते. जिना उतरताना कठडा धरून आडवी उतरते, खेकड्यासारखी.

आता लोणारच का, ते सांगते. आई मूळची अकोल्याची. १९७१ साली आठवीत असताना शाळेची सहल एसटीने लोणारला गेली होती. गोमुखाच्या धारेपाशी ओल्या दगडावरून हिचा पाय सटकला आणि घोटा टम्म सुजला. बाई म्हणाल्या, तू बस इथेच, सगळ्यांचे डबे सांभाळ. बाकीच्या मुली खाली उतरून तळ्याला फेरी घालून आल्या, केसांना कुजक्या अंड्यांचा वास घेऊन. परत जाताना गाडीभर तोच वास आणि त्याच गप्पा. आणि आमच्या मातोश्री वर डब्यांच्या राखणीला. त्यातले दोन डबे वानरांनी पळवले, त्याची बोलणीही हिलाच बसली. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की ते दोन डबे कोणाचे होते तेही मला पाठ आहे.

तर तिला खाली उतरून फेरी घालायची आहे. नेटवर पाहिलं तर निम्मे लोक ‘एकदम सोपा वॉक, सपाट रस्ता’ म्हणतात आणि निम्मे ‘जीव गेला’ म्हणतात. खरं काय? किती वेळ लागतो? तळ्याचं पाणी वाढलंय असंही ऐकलं, मग काठाची वाट चालू आहे का? आणि झेपणारच नसेल तर वरच्या कडेने फिरण्यात काही मजा आहे का? नवरा म्हणतो तू आईला घेऊन वर थांब, आम्ही दोघं जाऊन येतो. हे वाक्य त्याने अजून आईसमोर म्हटलेलं नाही.

बिनधास्त_बंड्या

चार वर्षांपूर्वी मित्रांबरोबर केलंय. दोन तासांत फेरी मारून वर. खाली एकदम प्लेन आहे, काही टेन्शन नाही. जा बिनधास्त. बूट घाला फक्त.

मेहकर_रोड

बंडोपंत, तुम्ही तेव्हा कितीचे होता? आणि चार वर्षांपूर्वीचं तळं आता राहिलेलं नाही.

ताई, माझं गाव लोणार तालुक्यातलंच. ३१ वर्षं मास्तरकी केली आणि जवळजवळ दर साली पोरांची सहल इथेच नेली, कारण लांब न्यायला पैसे नसायचे. त्यामुळे इथे दमलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. तुमच्या आईंचे डबे पळवणाऱ्या वानरांचे नातू-पणतू माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की दोन्ही बाजूचे लोक बरोबर आहेत. फेरी सोपीच आहे. अवघड आहे ते फेरीपर्यंत जाणं, आणि त्याहून अवघड तिथून घरी येणं. विवर म्हणजे एक मोठी परात समजा. काठापासून काठापर्यंत १.८ किलोमीटरच्या आसपास आणि तळाला सव्वा किलोमीटरभर रुंदीचं तळं. तळ्याची फेरी चारेक किलोमीटर भरते, आणि ती खरोखरच सपाट आहे. पण परातीच्या काठावरून तळापर्यंत १३५ ते १५० मीटरचा उतार आहे. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजली इमारत आधी उतरायची आणि शेवटी चढायची. गडावर कसं, जोर असतो तेव्हा चढता आणि दमल्यावर उतरता. इथे सगळं उलटं. पाय गळाले की मग चढ समोर येतो. पोरं खाली पळत सुटायची आणि वर येताना माझ्या धोतराला लोंबकळायची. (धोतर नव्हतं, पँट होती. पण लोंबकळायची खरी.)

उतरायच्या दोन वाटा लोकांच्या वापरातल्या. एक गावाकडची, धारेवरून. तिथे गोमुखातून गोड पाण्याची बारमाही धार पडते, आणि शेजारून दगडी पायऱ्या खाली जातात. पुढे पायवाट लागते. दुसरी पर्यटक निवासाच्या अंगाची. आईंसाठी मी पहिली सांगीन. पायऱ्या उंच-सखल आहेत, पण हात टेकायला, बसायला जागा आहेत, आणि वाटेत जुनी देवळं लागतात म्हणून थांबायला निमित्त मिळतं. म्हाताऱ्या माणसाला ‘थांबू या का’ विचारलं की राग येतो. ‘हे देऊळ बघू’ म्हटलं की ते आपोआप बसतात.

उतरताना घाई करू नका आणि झाडांकडे लक्ष द्या. वर सागवान आहे. खाली जाल तशी चिंच येते, शिंदी येते, मग बाभूळ, आणि शेवटी झाडच नाही, नुसता उघडा चिखल आणि पाणी. परातीत रिंगणं आखल्यासारखं आहे. खाऱ्या पाण्याच्या जितकं जवळ जावं तितकं झाडाला सोसत नाही. आमच्या पोरांना मी हाच धडा चालता चालता शिकवायचो, पुस्तक उघडायची गरज पडली नाही. मधे वेडी बाभूळ फार माजली होती, वन खात्याने बरीच उपटली. तिचा काटा मात्र अजून वाटेवर सापडतो. स्लिपरमधून आरपार जातो, म्हणून बूट. बंडोपंतांचा तेवढा सल्ला बरोबर.

आता पाण्याचं. गेल्या काही पावसाळ्यांत पाणी चांगलंच वर आलंय. कमळजा मातेचं देऊळ तळ्याच्या अगदी काठाला आहे, नवरात्रात तिथे मोठी गर्दी असते. त्या देवळाला पाण्याने गाठलंय. त्याच्यासमोर सासू-सुनेची विहीर आहे, एका बाजूचं पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचं खारं अशी तिची ख्याती (कोणती बाजू कोणाची हे विचारू नका, भांडणं होतात). ती तर पाणी वाढलं की दिसतच नाही. पूर्वी जिथून आम्ही दोनशे पोरं रांगेने नेली ती काठाची वाट बऱ्याच ठिकाणी पाण्याखाली आहे. म्हणून फेरी पुरी होईल असं धरून येऊ नका. जिथवर वाट कोरडी तिथवर जायचं आणि आल्या पावली परत. बाजूने झाडीत घुसून वाट काढायची नाही. एक तर हे अभयारण्य आहे, बिबट्याही आहे, आणि दुसरं म्हणजे चिखल. तो वरून वाळलेला, पांढरी खारी पापडी धरलेला दिसतो. तुम्हाला वाटतं जमीन आहे. पाय टाकला की पापडी कर्र वाजते आणि घोट्यापर्यंत काळा गाळ. बूट बाहेर निघतो तो नुसता, आत पाय नसतो. आधी काठी टोचून पाहा. काठी बोटभर गेली तर चाला, वीतभर गेली तर परत फिरा.

वेळ सकाळची ठेवा. सातच्या सुमारास उतरायला लागा. डिसेंबरात वर चांगलीच थंडी असते. तळात ऊन उशिरा पोचतं, काठाची सावली पडलेली असते. पण एकदा ऊन आलं की वारा नावाला नाही, परात तापते. अकरापर्यंत वर यायला निघालेलं बरं. खाली पाण्याची बाटली मिळत नाही, माणशी दीड लिटर घ्या. खायचं सामान दप्तरात, चेन लावून. हातात कॅरीबॅग दिसली की वानर ती स्वतःचीच समजतं. तिकीट, वेळा, सोबत वाटाड्या, हे फाटकापाशी विचारा. वाटाड्या मात्र घ्याच. आज वाट कुठे तुटलीय हे त्यालाच ठाऊक असतं.

आणि पोरासाठी एक गंमत. घरून हळदीची पुडी आणि चार टिपकागद आणा. हळद ओली करून कागदाला फासा, वाळू द्या. तळ्याचं पाणी त्यावर टाकलं की कागद लाल होतो. पाणी अल्कधर्मी आहे म्हणून. शाळेत लिटमस नसायचा तेव्हा आमची प्रयोगशाळा ही. आधी धारेचं पाणी टाकून दाखवा, पिवळाच राहील. मग तळ्याचं.

तुमच्या यजमानांनी ते वाक्य आईसमोर म्हणू नये. नवरात्रात सत्तरीच्या बाया ओटी घेऊन अनवाणी उतरतात आमच्याकडे.

काठावरचा

मास्तरांशी थोडं भांडतो. गुडघा झिजलेल्या माणसाने १४० मीटर उतरावं, हे नवरात्रातल्या आज्यांच्या जिवावर सांगू नये. त्या आज्या जन्मभर शेतात वाकलेल्या. सोसायटीच्या बागेतल्या बारा फेऱ्या आणि हे सारखं नाही. माझ्या वडिलांना मी असंच उत्साहात नेलं होतं. उतरले आरामात. वर येताना मधेच गुडघा अडकला, आणि दोन माणसांच्या खांद्यावरून आणावं लागलं. त्यानंतर वर्षभर माझ्याशी ते त्या विषयावर बोलले नाहीत. इतर विषयांवर पूर्वीही फारसं बोलत नसत.

माझं मत : वरच्या कडेची फेरी करा, जमेल तेवढी. पूर्ण कड सहा किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. कड आजूबाजूच्या शेतांपेक्षा थोडी उचललेली आहे, त्यामुळे एका हाताला कपाशी-तुरीची रानं आणि दुसऱ्या हाताला एकदम पोकळी. संध्याकाळी साडेचार-पाचला तळ्याचा रंग मिनिटामिनिटाला बदलतो. खालून तळं म्हणजे एक तळं दिसतं. विवर दिसतं ते वरूनच.

मेहकर_रोड

काठावरच्या भाऊंचं म्हणणं खोडत नाही. फक्त एक. वरून ज्यांनी पाहिलं त्यांनीही पाहिलंच, पण या बाईंनी १९७१ साली वरून पाहून झालंय.

ताई, आधी परीक्षा घ्या. पुण्यात आहात ना? पर्वतीच्या १०३ पायऱ्या आईंना चढवा-उतरवा. दोनदा. मधे दहा मिनिटं बसून. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला नाही तर या. सुजला तर भाऊंचं ऐका.

बेसाल्टबुवा

वाटेवर काय बघायचं ते कोणी सांगितलं नाही, म्हणून दगडांच्या वतीने बोलतो. भूगर्भशास्त्र शिकलोय, आता पोटासाठी वेगळंच काहीतरी करतो.

धारेच्या वाटेने उतरताना डावी-उजवीकडची भिंत पाहत जा. लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतील. हा दख्खनचा तोच बेसाल्ट, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, सिंहगडावर असतो तोच. दोन थरांच्या मधे कुठे कुठे गेरूसारखा लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन, त्याची वरची कातडी झिजून माती झाली, आणि मग तिच्यावर दुसरा लाव्हा आला, त्याने ती भाजून काढली. आता मजा अशी, की हे थर बाहेर सगळीकडे आडवे असतात, पण विवराच्या कडेपाशी वर उचललेले आहेत, बाहेरच्या अंगाला कललेले. ज्वालामुखीच्या खड्ड्याचं काम नाही हे. आभाळातून काहीतरी येऊन आपटलं, खालचं वर उसळलं आणि कडेवर पालथं पडलं. म्हणजे कडेवर उभं राहता तेव्हा तुमच्या पायाखालचा दगड एके काळी बराच खोल गाडलेला असू शकतो.

१८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली. त्यानंतर दीडशे वर्षं वाद चालला, ज्वालामुखी की उल्का. १९७३ साली इथल्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडल्याचं प्रसिद्ध झालं. फेल्डस्पार हे खनिज न वितळता, नुसत्या धक्क्याने काचेसारखं होतं, त्याला म्हणतात मॅस्केलिनाइट. इतका धक्का ज्वालामुखी देत नाही, तेव्हा वाद मिटला. चंद्रावर आणि मंगळावरही बेसाल्ट आहे, म्हणून तिथली विवरं समजून घ्यायला जगभरचे लोक बुलढाणा जिल्ह्यात येतात. वयाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतात, दुसरीने ५ लाख ७० हजार. पाटीवर कुठलाही आकडा दिसला तरी ‘बरं’ म्हणून पुढे जावं.

आणखी एक. वाटाडे लोहचुंबक दगडाला चिकटवून दाखवतात आणि ‘उल्केचं लोखंड’ म्हणतात. उल्केचं लोखंड नाही ते. बेसाल्टमध्ये मुळातच मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहखनिज, असतं. तुमच्या सोसायटीच्या कुंपणाच्या काळ्या दगडालाही छोटं चांगलं चुंबक लावून बघा. दगड उचलून घरी आणू नका, मुलाला आधीच बजावून ठेवा. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुलांच्या खिशांतून परतताना खडे निघाले होते, आणि आमच्या सरांनी ते एकेक करून परत ठेवायला लावले. रात्र झाली.

२०२० च्या जूनमध्ये तळं गुलाबी झालं ते आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचं ते रंगद्रव्य निघालं. त्याच साली लोणारला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. डिसेंबरात तुम्हाला हिरवंच दिसेल. गुलाबीची आशा मुलाला दाखवू नका.

अर्धी_भाकरी

गुरुजी, बुवा, काठावरचे, सगळ्यांचे आभार. पर्वती झाली. पहिल्या दिवशी दोनदा, चार दिवसांनी पुन्हा दोनदा. उतरताना आडवीच उतरली, पण सूज नाही. वर पोचल्यावर तिने मला विचारलं, ‘लोणारला अशा किती पर्वत्या?’ मी विषय बदलला. एकच शंका : उतरताना आडवं उतरलेलं चालेल ना? आणि काठी एक की दोन?

मेहकर_रोड

आडवंच उतरू द्या, तेच बरोबर आहे. दुखरा पाय आधी खाली, चांगला मागून. चढताना चांगला आधी. काठ्या दोन. एक आईंची, एक तुमच्या हातात, कारण चिखल टोचायला पण लागेल. आणि वाटेत त्यांचा हात धरू नका, त्यांना तुमचा खांदा धरू द्या. फरक आहे.

अर्धी_भाकरी

जाऊन आलो. उशिरा लिहितेय, माफी असावी.

आदल्या रात्री वाटेत एका ढाब्यावर जेवलो. नवऱ्याने शेवभाजी दोनदा मागवली, ‘इकडची तर्री काही औरच’ म्हणत. पहाटे तीनपासून त्याची येरझार सुरू झाली. सकाळी साडेसहाला चेहरा असा की बघवेना. गोमुखापर्यंत कसाबसा आला आणि म्हणाला, तुम्ही जा, मी बसतो इथे, सामान सांभाळतो. आई काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मला हसू आवरेना म्हणून मी धारेखाली तोंड धुतलं. पाणी कोमट लागलं, बाहेर कुडकुडायला होत होतं म्हणूनही असेल.

सव्वासातला उतरायला लागलो, सोबत वाटाड्या दादा. ‘मला बाई तुमचा खांदा लागेल’ म्हणून आईने सरळ त्यांचाच खांदा धरला, माझा नाहीच. देवळांची युक्ती पहिल्या दोनदा चालली. तिसऱ्यांदा आई म्हणाली, ‘मला दमवायला देऊळ लागत नाही, बसायचंय म्हणून सांग.’ चिरंजीवाने लाल पट्टा शोधून काढला आणि बुवांचं सगळं शास्त्र वाटाड्या दादांना सांगितलं. त्यांनीही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकलं, भला माणूस. मला एकटीला वीस-पंचवीस मिनिटं लागली असती तिथे तासाला पाच मिनिटं कमी.

रामगयेच्या देवळापाशी वानरांची टोळी होती, पण हातात काही नाही म्हटल्यावर त्यांनी आम्हाला हिशेबात धरलं नाही. तिथून पुढे सपाट. आणि मग आई चालायला लागली, बागेतल्यासारखी, आम्हाला मागे टाकून. बाभळींच्या मधून वाट, खाली पांढुरकी माती, अजून ऊन नाही. डावीकडे पाणी, एकदम गप्प. मोर ओरडला की तो सगळ्या परातीत घुमून परत यायचा, त्यामुळे किती मोर आहेत ते शेवटपर्यंत कळलं नाही. लांब लाल पायांचे शेकाटे काठाच्या उथळ पाण्यात एकेक पाऊल उचलून टाकत होते, ओल्या फरशीवरून चालल्यासारखे. टिबुकल्या बुडायच्या आणि भलतीकडेच वर यायच्या. मुलगा पैजा लावत होता, सगळ्या हरला.

असं पाऊण किलोमीटर गेलो असू. पुढे वाट सरळ पाण्यात शिरली. बाभळीची वाळलेली झाडं पाण्यात उभी, निम्मी बुडालेली, एकेकावर पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. दादा म्हणाले, ‘बस, इथवरच. पूर्वी इथून बैलगाडी गेली असती.’ मी आईकडे पाहिलं. ५४ वर्षांनी आलेली बाई, मला वाटलं आता रुसणार. ती म्हणाली, ‘तळं मोठं झालं तर त्याला मी काय करू? माझा गुडघापण मोठा झालाय.’ आणि खाली वाकून नाक पुढे केलं. ‘वास नाही येत ग.’

खरंच फारसा येत नव्हता. दादा म्हणाले पाणी वाढलं तसा वास कमी झालाय. आईचा चेहरा फेरी अडल्यावर नव्हता उतरला तो आता उतरला. मग तिने माझ्या हातातली काठी घेतली, काठाच्या चिखलात खुपसली (वीतभर गेली, गुरुजी) आणि ढवळायला लागली. लाडू वळताना पाक ढवळतात तशी, दोन्ही हातांनी. काळे बुडबुडे आले आणि एकदम तो वास. चिरंजीव ‘ई’ करून दहा पावलं मागे पळाला. आई तिथेच उभी राहिली, डोक्यावरचा पदर मागे टाकून. थोड्या वेळाने मला म्हणाली, ‘केस हुंगून बघ. लागला का?’

मी हुंगले. खोबरेल तेलाचा वास आला, पण मी हो म्हटलं.

हळदीचा प्रयोग झाला. धारेच्या पाण्यात कागद पिवळा, तळ्याच्या पाण्यात विटकरी. चित्रात दाखवतात तसा लालभडक नाही, पण फरक डोळ्यांना स्पष्ट दिसला. तो कागद चिरंजीवाने वहीत चिकटवलाय.

चढायला तास आणि वीस मिनिटं लागली. अकरा वेळा बसलो. मोजत होती आईच. आठव्या बैठकीला तिचा चेहरा लाल झाला होता आणि मी मनात ‘काठावरच्यां’ची क्षमा मागितली, ते सांगून ठेवते. ज्यांचे गुडघे याहून वाईट असतील त्यांनी खरंच त्यांचं ऐकावं. दादांनी घाई केली नाही, एकदाही ‘आलंच आता’ म्हणाले नाहीत, याबद्दल त्यांना मी ठरल्यापेक्षा जास्त दिले.

वर आलो तर नवरा कपाळाला हात लावून बसलेला. सामानातला एक डबा वानराने नेला होता. बिनाचेनच्या पिशवीत होता तोच, मेथीचे पराठे. आई त्याच्या शेजारी बसली, पाणी प्यायली, आणि १९७१ साली बाई तिला काय काय बोलल्या ते तिने त्याला पहिल्यापासून सांगायला घेतलं.

दुपारी झोप काढून दैत्यसूदनाचं देऊळ पाहिलं. त्याबद्दल वेगळं लिहीन, कोरीवकाम इतकं आहे की दोन ओळींत मावणार नाही. संध्याकाळी कडेवर गेलो. तळ्याचा रंग बदलतो म्हणालात तो बदलला : हिरवा, मग शिशासारखा, मग काहीच नाही, नुसता काळोख. आईने पलीकडच्या कडेकडे बोट दाखवून चिरंजीवाला विचारलं, ‘आपण कुठपर्यंत गेलो होतो सांग?’ त्याने दाखवलं. ‘छे, त्याच्या बरंच पुढे,’ आई म्हणाली.

गुडघ्याला दोन दिवस बर्फ. तिसऱ्या दिवशी सकाळी बागेत, सहा फेऱ्या.

काठावरचा

क्षमा पोचली. वडिलांना तुमचा वृत्तांत वाचून दाखवला. ‘आम्हाला बसू दिलं असतं अकरा वेळा तर,’ एवढंच म्हणाले.

मेहकर_रोड

ताई, तो पराठेवाला आमच्या इकडे चांगलाच माहीत आहे, डाव्या कानाला खाच आहे त्याच्या. मे अखेरीला पाणी किती उतरलं ते बघून इथेच लिहितो. उन्हात येऊ नका, पण पुढच्या दिवाळीनंतर बघू. आईंची काठी जपून ठेवा.

अर्धी_भाकरी

काठी धुतलीच नाहीये तिने. गच्चीत ठेवलीय, वास जाऊ नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून.